वांग्यावरचा घरगुती उपाय

वांग म्हणजे तोंडावर येणारे काळपट डाग आणि वांगं म्हणजे ज्याचं भरीत करतात ते. दोघांत फरक एका टिंबाचा. पुढे विभक्ती लागली की तो फरक एका 'य'चा होतो: वांगावर मलम लावतात, वांग्यावर फवारणी करतात. मी गेली बावीस वर्षं प्राथमिक शाळेत मराठी शिकवते आणि असल्या टिंबांसाठी मी पोरांचे अर्धे-अर्धे गुण निर्दयपणे कापलेले आहेत. त्यातल्याच एखाद्याचा तळतळाट मला लागला असावा.

वांग माझ्या तोंडावर चाळिशीत आला. आधी उजव्या गालाच्या हाडावर, मग डाव्या. मग दोघांना एकमेकांची ओढ लागली आणि नाकावरून जाणंयेणं सुरू झालं. आईच्या तोंडावर मात्र तो माझ्या जन्माआधीपासून आहे. आई आंबागडच्या किल्ल्याच्या पायथ्याच्या गावातली. तिचं सगळं आयुष्य रोवणीत गेलं, म्हणजे चिखलात ओणवं होऊन धानाची रोपं लावण्यात. बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, घोट्याएवढं पाणी असतं, त्या पाण्यात ऊन पडतं आणि ते उलटून थेट तोंडावर येतं. आई सांगायची, "वरून एक सूर्य अन् खालून एक. वरचा पदर घेतला त अडते. खालच्याले कोण अडवन?"

मी रोवणी केली नाही. डी.एड. केलं, नोकरी लागली, लग्न होऊन तुमसरला आले. गाडीवरून शाळेत जाताना तोंडाला असा स्कार्फ गुंडाळते की माझे विद्यार्थीसुद्धा मला गाडीच्या नंबरवरून ओळखतात. तरीही वांग आलाच. आईला दाखवला तेव्हा ती म्हणाली, "माह्याकडूनच आला. दुसरं काय देलं व मी तुले?" ती हसली म्हणून मीही हसले.

आणखी एक सांगून टाकते, कारण ते पुढे लागणार आहे. लहानपणी मी तिला माय म्हणायची. डी.एड.ला गेल्यावर वसतिगृहातल्या पुण्याकडच्या मुलींनी दोनदा हसून पाहिलं, तेव्हा दिवाळीत घरी आले ती 'आई' म्हणतच आले. भाऊ माझ्याहून लहान. तो शिकला दहावीपर्यंत, शेती करतो, आणि अजून मायच म्हणतो. मी त्याला अनेकदा सुधारायचा प्रयत्न केला. तो सुधारला नाही.

तर, माझ्या लेकीचं लग्न ठरलं. मुलगा नागपूरचा, चांगला. मुलगी बघायला त्याची आई आली, म्हणजे माझी होणारी विहीण. बाई बोलायला अतिशय गोड. पोहे खाल्ले, घर पाहिलं, लेकीला जवळ बसवून घेतलं आणि मग माझ्याकडे, त्या दिवसापुरत्या गावाहून येऊन माझ्या शेजारी बसलेल्या आईकडे, आणि परत माझ्याकडे पाहून म्हणाली, "मुलीचा रंग छान आहे हो. बाबांवर गेली का?"

या वाक्यात चुकीचं काहीही नाही. पोलिसात तक्रार करता येणार नाही असं ते वाक्य आहे. मी हसून म्हटलं, "हो, त्यांच्यावरच." नवरा कोपऱ्यात बसून प्रसन्न झाला. इतक्या वर्षांत त्याच्या रंगाचं कौतुक करणारी ती पहिलीच बाई. पाहुणे गेल्यावर मी मोरीत जाऊन आरशात पाहिलं आणि ठरवलं, साक्षगंधाच्या आत हे तोंड स्वच्छ झालंच पाहिजे. आमच्याकडे साखरपुड्याला साक्षगंध म्हणतात. साक्षगंधाला पाच आठवडे होते.

डाग घालवायचं ठरवलं की कळतं, या देशात डॉक्टर कमी आहेत हे साफ खोटं आहे. शाळेतल्या बाईंनी बटाट्याचा रस सांगितला. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींनी मसुराची डाळ दुधात वाटून लावायला सांगितली. शेजारणीने लाखोरीच्या डाळीचं पीठ सांगितलं आणि वर हेही सांगितलं की तिच्या नणंदेचा वांग त्यानेच गेला. ती नणंद पुढच्या आठवड्यात भेटली. वांग होता तिथेच होता. "तेवढ्यापुरता गेला होता," शेजारीण म्हणाली. मुख्याध्यापकांनी, न विचारता, जायफळ उगाळायला सांगितलं. त्यांच्या स्वतःच्या कपाळावर बशीएवढा डाग आहे, पण दिव्याखाली अंधार असायचाच.

आणि मोबाइल तर होताच. त्यातल्या मुलींच्या तोंडावर डाग सोडा, साधा तीळही नसतो. त्या लिंबू हातात धरून सांगतात, "फक्त सात दिवस." सात दिवसांत काय होणार ते त्यांना माहीत, कारण आठव्या दिवशी त्या दुसऱ्या कशावर तरी बोलत असतात. प्रत्येकीचा एकच मंत्र: उपाय घरगुती आहे, साइड इफेक्ट नाही. जणू घरात आजवर कोणाला कशाची इजाच झालेली नाही. घरातलीच फोडणी अंगावर उडते, घरातलीच मिरची डोळ्यांत जाते, आणि घरातली माणसं काय करतात ते मी लिहायला नको. पण 'घरगुती' म्हटलं की आपण गालच पुढे करतो.

घरात खायला काही उरेना. टमाटर आणला की अर्धा माझ्या गालावर. दही विरजलं की साय गायब. एकदा नवऱ्याने बेसनाचा डबा उघडून विचारलं, "हे झुणक्याचं आहे का तोंडाचं?" मी म्हटलं, तोंडाचंच आहे, झुणकाही तोंडातच जातो. तो उपाशी राहिला नाही, पण नंतर डबे हुंगून उघडू लागला.

त्यात विहीणबाईंना माझ्या लेकीकडून ही बातमी कळली. रोज दुपारी त्यांचा एक व्हिडिओ यायला लागला. सोबत एक फूल आणि 'हे करून बघा ताई'. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं.

या सगळ्या व्हिडिओंत एक सूचना मात्र सगळ्या जणी देतात. आधी थोड्याशा जागेवर लावून पाहा. त्रास झाला नाही तरच तोंडभर लावा. ही सूचना मला अतिशय शास्त्रीय वाटली. पण मला रोज शाळेत उभं राहायचं. तीस पोरं समोर. थोड्याशा जागेवर जरी काही झालं तरी त्यांच्या मधल्या सुट्टीची सोय होणार. त्याच सुमारास साक्षगंधाच्या तयारीसाठी आई राहायला आली. वडील गावी गोठ्याजवळच थांबले. आईला कुठे जायचं नव्हतं, कोणाला तोंड दाखवायचं नव्हतं, आणि वांग तर तिला माझ्याहून दुप्पट. मला थोडीशी जागा मिळाली.

हे मी आता असं लिहिते. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, हे लिहायला जास्त लाज वाटते.

संध्याकाळी शाळेतून आले की मी आईला खिडकीपाशी बसवायची आणि डाव्या गालावर एकेक प्रयोग करायची. दुसऱ्या दिवशी तिचा गाल पाहायचा. लाल झाला नसेल तर तोच लेप माझ्या तोंडाला. ती कधी नाही म्हणाली नाही. डोळे मिटून गाल वर करायची आणि म्हणायची, "लाव, माय." लेकीला माय म्हणायची आमच्याकडे रीत आहे. मी तिला माय म्हणणं सोडलं होतं, ती मला म्हणायचं सोडायला तयार नव्हती.

एकदा लेप वाळत असताना तिने विचारलं, "हे जाईन का व साक्षगंधापर्यंत?"

मला वाटलं, ती माझ्या तोंडाचं विचारते आहे. मी म्हटलं, "गेलं पाहिजे."

"मले पयलं कुकू लावाचं आहे," ती म्हणाली.

ते मला माहीतच होतं. आमच्या घरची रीत अशी की मुलीला पाटावर बसवलं की पहिलं कुंकू आजी लावते, मग सासरचे. सासूबाई माझ्या हयात नाहीत, त्यामुळे तो मान आईचा. तिने त्यासाठी मोरपिशी लुगडं घेऊन ठेवलं होतं आणि ते दर दोन दिवसांनी पिशवीतून काढून परत पिशवीत घालायची. मी म्हटलं, "हो, तूच लावशील," आणि तिच्या गालावरचा लेप वाळला का ते बोटाने पाहिलं.

तीन आठवडे गेले, वांग जागचा हलला नाही. मी धीर सोडून माहेरच्या ग्रुपवर विचारायचं ठरवलं. हात पिठाचे होते, म्हणून बोलून मेसेज टाकला. मी स्वच्छ, शुद्ध, शाळेत वाचून दाखवते तशी बोलले: वांगावर घरगुती उपाय सांगा. फोनला वांग हा शब्द ठाऊक नसावा. तो कोणत्या शाळेत शिकला कोण जाणे. त्याने लिहिलं:

'वांग्यावर घरगुती उपाय सांगा. केमिकल नको. डाग वाढत आहेत. साक्षगंधाच्या आत गेले पाहिजेत.'

ध चा मा झाला. मी वाचलंही नाही. बावीस वर्षं दुसऱ्यांचं वाचून तपासलं, स्वतःचं एक वाक्य तपासलं नाही.

भावाकडे बोडीच्या, म्हणजे लहान तलावाच्या पाळीला लागून वांग्याची वाडी आहे. त्याला ठाऊक की माझ्या शाळेत परसबाग आहे आणि तिच्यात पोरांनी वांगी लावलीत. साक्षगंधाच्या पंगतीला आमच्याकडे आलू-वांग्याची भाजी लागतेच. त्याच्या हिशेबाने सगळं बरोबर जुळलं. बहीण पहिल्यांदाच शेतीतलं काही विचारते आहे म्हणून तो खूशही झाला असणार. पाच मिनिटांत उत्तर आलं:

'बाई, टेन्शन घेऊ नको. चार दिवसाचं आंबट ताक घे. निंबाचा पाला वाटून टाक. लसणाच्या आठ-दहा पाकळ्या ठेचून टाक. रातभर ठेव. सांजच्या वक्ती मारजो, उनात नाही. आंदी कोपऱ्यातल्या एखाद्या जुन्या झाडावर मारून पायजो. जमलं त मग सगळ्यायवर मार. जे लयच काळं पडलं ते तोडून फेक.'

मी हे तीनदा वाचलं. एकदाही शंका आली नाही. 'मार' म्हणजे लाव, आपण पावडर मारतोच की. उन्हात नाही, हे तर सगळ्याच जणी सांगतात. 'तोडून फेक' ही भावाची थट्टा. आणि कोपऱ्यातलं जुनं झाड? मला वाटलं, बघा, शेतकरी माणूस, पण थोड्याशा जागेवर लावून पाहण्याचं तत्त्व किती सुंदर शब्दांत सांगितलं. मी खिडकीच्या कोपऱ्याकडे पाहिलं. आई तिथे बसून तांदूळ निवडत होती.

चार दिवस ताक आंबवलं. स्वयंपाकघरात असा वास की लेक जेवण घेऊन गच्चीवर गेली. पाचव्या दिवशी, सांजच्या वक्ती, मी ते हिरवं-पांढरं गिचकं आईच्या डाव्या गालावर थापलं. जरा सढळ हातानेच, कारण डाव्या गालावरून आजवर काही कळलंच नव्हतं.

"आग होते का?" मी विचारलं.

"नाही व. थंड लागते."

तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी म्हटलं, लसणाचा वास असेल.

आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो काढायचे असतात, म्हणून मी मोबाइल आणला आणि आईचा फोटो काढला. तेवढ्यात ग्रुपवर भावाचा मेसेज आला, 'मारलं का? फोटो पाठव, पायतो.' मी तोच फोटो पाठवला.

नुसतं 'टाइप करत आहे', मग बंद, मग परत. मग आलं:

'अवं बाई, हे वांगं नाही, माय होय!'

पुढच्या मिनिटाला फोन वाजला. तो ओरडत होता. "धू! आंदी धू तिचं तोंड! अवं ते अळीचं औषध आहे! मायच्या तोंडाले काहून मारलं?" मी म्हटलं, तूच सांगितलंस ना. तो म्हणाला, "मी वांग्याचं सांगतलं!" मी म्हटलं, मी वांगाचं विचारलं. तो म्हणाला, "तू मास्तरीण आहेस न वं?"

तोवर ग्रुपवर मावसबहिणी, चुलतभाऊ, आत्या, सगळे हसून हसून पडायला लागले होते. डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या पिवळ्या तोंडांची रांग लागली. एकाने विचारलं, भरीत करायचं का? मीही शेवटी हसले. आईचं तोंड धुताना हसत होते. तीही हसायला गेली, पण डाव्या बाजूने तिला हसता येईना.

सकाळी गालावर फोड होते. दोन मोठे, बाकी बारीक. मग माझं हसू गेलं. तुमसरमधल्याच त्वचेच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी मलम दिलं, कपाळावर हात मारायचा तेवढा राहिला, आणि सांगितलं की लसणाने कातडी भाजली आहे, बरी होईल, पण काही महिने ती जागा आणखी काळी दिसेल. वांगाबद्दल ते म्हणाले, "हा असा रगडून जात नसतो. आणि आजी, उन्हात जात जाऊ नका."

"हे चाळीस वर्साआंदी सांगाचं होतं, बापा," आई म्हणाली. "बांधीत तंबू लावला असता."

डॉक्टर हसले. घरी येताना ऑटोत ती गाल पदराने झाकून बाहेर पाहत होती. मी म्हटलं, फार आग होऊन राहिली का, आई? माझ्या तोंडून आपोआप तिची बोली आली. ती म्हणाली, "नाही." करायला गेले गणपती आणि झाला मारुती. माझ्या तोंडाला त्या ताकाचा थेंबही लागला नव्हता.

साक्षगंधाचा दिवस आला. मी बटाटे, टमाटर, सगळं सोडून ब्युटी पार्लर गाठलं. त्या मुलीने माझ्या तोंडावर तीन थर दिले, भिंतीला देतात तसे, आणि वांग अर्ध्या तासात गेला. मानेला थर द्यायचा राहिला, त्यामुळे मान माझी आणि तोंड दुसऱ्या कोणाचं असं मी घरी आले. लेक म्हणाली, "आई, छान दिसतेस." नवरा म्हणाला, "कोण पाहिजे?"

भावाने पहाटेच वांग्याचं पोतं आणून टाकलं होतं. वडीलही त्याच्यासोबत आले. ते मांडवात पाहुण्यांजवळ जाऊन बसले. भाऊ स्वयंपाकघरात आला, मायच्या गालाकडे पाहिलं आणि माझ्याकडे न पाहता बाहेर गेला.

पाहुणे आले. विहीणबाईंनी मला दोन्ही हातांनी धरून म्हटलं, "अय्या, किती फरक पडला! बघा, मी पाठवलेलं करून पाहिलंत ना?" मी म्हटलं, हो. लेकीला पाटावर बसवलं. फोटोग्राफरने दिवे लावले. कोणीतरी आवाज दिला, "आजीले बोलवा, पयलं कुकू."

आई आली नाही.

मी आत गेले. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी, स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्याही मागे, ती विळीवर वांगी चिरत बसली होती. चिरलेल्या पाण्यात टाकत होती, डागी बाजूला करत होती. अंगावर जुनं लुगडं. मोरपिशी लुगडं अजून पिशवीतच होतं.

"चल, बोलावून राहिले," मी म्हटलं.

"तूच लाव," ती म्हणाली. "मी मांगंच बरी. फोटोत येईन हे तोंड."

"काहीतरीच काय."

तिने विळीवरून हात काढला नाही. खाली पाहूनच, हळू आवाजात, बायकांना ऐकू जाऊ नये म्हणून बोलली. "त्या बाईनं तुह्याकडं पायलं, मंग माह्याकडं पायलं, अन् म्हणे पोरगी बापावर गेली. मले समजते. म्हणून त मी तुले लावू देत होतो रोज. म्हटलं, पोरीच्या कुकवाच्या वक्ती तरी तोंड साफ असावं. कोणी तिले माह्यावरून बोलू नये."

"आग होत होती तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"आग झाली तवा वाटलं, आता जाते."

मला तेव्हा काय वाटलं ते मी नीट सांगू शकते, शब्दांचाच धंदा आहे माझा. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मी माझ्या तोंडासाठी तिचा गाल वापरत होते आणि ती समजत होती की आम्ही दोघी मिळून तिचं तोंड उजळतो आहोत. इतके दिवस एकाच खिडकीत बसून आम्ही दोघी दोन वेगळ्या तोंडांची काळजी करत होतो. त्यात तिच्या तोंडाची काळजी तिला एकटीलाच होती.

आणि एवढं कळूनही मी काय केलं? बाहेरून परत हाक आली. फोटोग्राफर म्हणाला, मॅडम, उशीर होतो. विहीणबाई दारातून डोकावतील अशी मला भीती वाटली. माझ्या तोंडावरचे तीन थर घामाने सुटतील अशीही भीती वाटली. मी म्हटलं, "बरं."

आमच्याकडे पंगतीत पाहुणा पोट भरलं म्हणून हात आडवा करतो, तरी त्याच्या ताटात तीनदा पुरी पडते. पहिल्या नाहीला कोणी नाही मानत नाही. नाही म्हणणाऱ्यालाही ते ठाऊक असतं, म्हणून तर तो नाही म्हणतो. त्या दिवशी मी व्याह्यांना तीनदा, त्यांच्या ड्रायव्हरला तीनदा आग्रह केला. आईला मी चल असं एकदाच म्हटलं.

पहिलं कुंकू मी लावलं. लेकीने पाटावरून विचारलं, "आजी कुठे आहे?" मी म्हटलं, येते. विहीणबाईंनी जेवताना विचारलं, आजी दिसल्या नाहीत? मी म्हटलं, त्यांना फोटोंची आवड नाही. आलू-वांग्याची भाजी फार छान झाली होती, सगळ्यांनी मागून घेतली. एकही वांगं डागी निघालं नाही.

मोरपिशी लुगडं ती तसंच पिशवीतून गावी घेऊन गेली. भाऊ सांगतो, ती ते आता काढून पाहत नाही. या उन्हाळ्यात लग्न आहे, पहिली हळद आजीने लावायची असते. मी दर रविवारी फोन करून तिला सांगते, तू पुढेच बसायचं. ती म्हणते, पाहू. मी तीनदा म्हणते, चारदा म्हणते. पण ती वेळ निघून गेलेली आहे. आता ते नुसतं फोनवरचं बोलणं आहे.

माझा वांग जिथे होता तिथे आहे. मी आता त्याला काही लावत नाही. व्हिडिओ मात्र येतात. विहीणबाईंनी परवा पपईचा पाठवला.

साक्षगंधाचे फोटो जाड अल्बममध्ये आले. सगळे आहेत त्यात. ड्रायव्हरसुद्धा आहे, पुरी तोंडात धरलेला. मी तर प्रत्येक पानावर आहे, पांढरं तोंड आणि सावळी मान घेऊन. आई एकाही फोटोत नाही. त्या दिवसांतला तिचा एकच फोटो आहे, माझ्या मोबाइलमध्ये, माहेरच्या ग्रुपवर. खिडकीपाशी बसली आहे, गालावर ताक आणि निंबाचा पाला, डोळे मिटलेले, गाल माझ्याकडे वर केलेला. बंद डोळ्यांतून पाणी आलेलं आहे आणि ती ते मला कळू देत नाही आहे.

मी तो अधूनमधून काढून पाहते. आणि त्याच्याखाली, त्या सगळ्या हसऱ्या पिवळ्या तोंडांच्या वर, माझ्या दहावी शिकलेल्या भावाने जे मला शिकवावं लागलं ते शुद्ध लिहिलेलं आहे:

'अवं बाई, हे वांगं नाही, माय होय!'